इन्स्टॅक्स मिनीचे फोटो पांढरे, काळे किंवा डागाळलेले येतात? आधी हे तपासा

इन्स्टॅक्स मिनी म्हणजे फुजीफिल्मचा, काढलेला फोटो लगेच हातात देणारा छोटा कॅमेरा. आमच्या ओळखीत कुणाचाही रुसला की तो शेवटी माझ्या टेबलावर येतो. हळदीच्या कार्यक्रमातून आलेला, सिंहगडाच्या वारीवरून आलेला, विसर्जन मिरवणुकीतून अंगावर गुलाल घेऊन आलेला. तक्रार सगळ्यांची सारखीच: "फोटो नीट येत नाहीत, कॅमेरा गेला बहुतेक." बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. घोळ असतो तो प्रकाश, सेल, फिल्म किंवा रोलर (फिल्म ज्यांच्यामधून दाबून बाहेर येते त्या आतल्या लाटण्या) यांपैकी कुठेतरी, आणि तो घरच्या घरी सुटतो.

मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम इथे देतोय. आधी फुकटात होणारं, मग सेलचा खर्च, मग फिल्मचा, आणि आत हात घालायचं काम सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. पॅकमध्ये फोटो मोजून दहा असतात आणि पॅक स्वस्त नाही. "बघू या आता काय होतंय" म्हणत बटण दाबत राहिलात तर अर्धा पॅक निदानातच जातो.

हे सगळं मुख्यतः मिनी ८, ९, ११ आणि १२ यांच्याबद्दल आहे, कारण आपल्याकडे लोकांच्या हातात हेच जास्त दिसतात.

लक्षणं

बिघडलेला फोटो फेकू नका. तो पूर्ण उमटला की खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीवर मार्करने क्रमांक घाला आणि सगळे फोटो क्रमाने मांडून बघा. दोष प्रत्येक फोटोत त्याच जागी असेल तर कॅमेऱ्यावर संशय घ्यायचा. दर वेळी जागा बदलत असेल तर फिल्म, प्रकाश किंवा आपली हाताळणी. एवढ्या एका गोष्टीने निम्मं निदान होतं.

- संपूर्ण पांढरा किंवा धुतल्यासारखा फिकट: प्रकाश जास्त झाला, किंवा फिल्मला आधीच उजेड लागला.
- संपूर्ण काळा: फिल्मपर्यंत प्रकाश पोचलाच नाही.
- ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येणारे ठिपके, किंवा फिल्म सरकते त्या दिशेने रेघा: रोलरवर घाण.
- कोपऱ्यात किंवा कडेला चित्र उमटलंच नाही, रिकाम्या भागाची कड वेडीवाकडी: रसायन नीट पसरलं नाही. सेल किंवा रोलर.
- एका कडेने आत शिरलेला पांढरट पट्टा: मागच्या झाकणातून उजेड.
- सगळ्या फोटोवर पिवळट-तांबूस किंवा निळसर झाक: तापमान किंवा जुनी फिल्म.
- धूसर फोटो: अंतर चुकलं किंवा हात हलला.
- फिल्म बाहेर येत नाही किंवा अर्ध्यात अडकते: आधी सेल, मग बाकी सगळं.

नवीन पॅक घातल्यावर पहिल्यांदा बटण दाबलं की काळं कव्हर बाहेर येतं. तो फोटो नसतो. पहिल्यांदा कॅमेरा हातात घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण तेवढ्यावरच घाबरून फोन करतात, म्हणून सांगून ठेवलं.

१. मागचं झाकण मधेच कुणी उघडलं का?

पहिला प्रश्न हाच, कारण याला काहीच खर्च नाही. काउंटर बघा. पॅक घातल्यावर तिथे 'एस' दिसतो, काळं कव्हर निघालं की १०, आणि मग तो एकेक उतरत शून्यावर येतो. मधेच झाकण उघडलं तर काउंटर पुन्हा 'एस'वर जातो. त्यामुळे फोटो संपले तरी काउंटर चार-पाच फोटो शिल्लक दाखवत असेल, तर कुणीतरी झाकण उघडून बघितलं आहे हे नक्की. लग्नघरात कॅमेरा दहा हातांतून फिरतो. एखादा छोटा भाचा मागची कडी ओढतोच.

अशा वेळी वरच्या फिल्म पूर्ण पांढऱ्या येतात आणि खालच्यांच्या कडा जळतात. कॅमेरा मात्र धडधाकट असतो. उरलेल्या फिल्म संपवा, नवा पॅक घाला आणि मागच्या कडीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवा. काउंटर शून्यावर येईपर्यंत तो काढायचा नाही.

२. प्रकाश आणि डायल

फिकट फोटोंचं सगळ्यात मोठं कारण हेच, म्हणून इथे जरा वेळ देतो.

इन्स्टॅक्स मिनीची फिल्म ८०० आयएसओची असते, म्हणजे ती प्रकाशाला चांगलीच संवेदनशील. घरातल्या ट्यूबलाइटखाली तेच वरदान असतं आणि एप्रिलच्या दुपारी गच्चीवर तेच अडचणीचं ठरतं. शिवाय या फिल्मला चूक फारशी पोटात घालता येत नाही. निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश थोडा जास्त पडला तर प्रिंट काढताना सावरता येतं. इथे प्रिंट हीच फिल्म, दुसरी संधी नाही.

मिनी ८ आणि ९ मध्ये शटरचा वेग १/६० सेकंद असा कायमचा ठरलेला असतो. प्रकाश कमी-जास्त करायचं काम लेन्सभोवतीची डायल करते. घराचं चिन्ह म्हणजे एफ १२.७, ढगाचं १६, ऊन-ढगाचं २२ आणि लख्ख उन्हाचं ३२; आकडा जितका मोठा तितका आत येणारा प्रकाश कमी. घराच्या आणि उन्हाच्या चिन्हात प्रकाशाचा फरक सहा पटींहून जास्त पडतो. हॉलमध्ये फोटो काढून तसेच अंगणात आलात, डायल घरावरच राहिली, तर फोटो पांढराफटक येणार. कॅमेरा योग्य चिन्हापाशी दिवा लावून सुचवतो, पण डायल आपणच फिरवायची असते. दिवा दुसरीकडे लागलेला असतानाही डायल न फिरवणारे मी कायम बघतो. आणखी एक 'हाय-की'चं चिन्ह असतं, त्याने फोटो मुद्दाम उजळ येतो. डायल चुकून तिथे सरकली आहे का तेही बघा.

मिनी ११ आणि १२ मध्ये हे काम कॅमेरा स्वतः करतो. तिथे चोर वेगळा असतो: बोट. समोरच्या बाजूला फ्लॅशजवळ प्रकाश मोजणाऱ्या बारीक खिडक्या असतात. त्यावर बोट आलं की कॅमेऱ्याला अंधार झाला असं वाटतं आणि तो जास्तीचा प्रकाश आत घेतो. पट्टा किंवा सिलिकॉनचं कव्हर पुढे आलं तरी तेच होतं. आरशासमोर कॅमेरा धरून बघा, तुमचं बोट कुठे जातं ते लगेच कळेल.

डायल बरोबर असूनही भर दुपारी फोटो फिकट येत असतील तर सावलीत या. पांढरा सदरा, चुन्याची भिंत, समुद्रकिनाऱ्याची वाळू, बारा ते तीनचं ऊन, या गोष्टी एकत्र आल्या की हे साधे कॅमेरे हात टेकतात. तीच माणसं वडाच्या सावलीत उभी करा किंवा साडेपाचनंतर फोटो काढा. चेहऱ्याचा रंग परत येतो.

काळ्या फोटोचं उलटं आहे. मिनी ९ च्या फ्लॅशचा आवाका साधारण २.७ मीटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन पावलं. रात्री रस्त्याच्या पलीकडून ढोलपथकाचा फोटो काढलात तर पुढच्या माणसाची पाठ उजळेल आणि पथक अंधारात जाईल. पुढे जा, किंवा तो फोटो फोनवर घ्या. मिनी ११ आणि १२ अंधारात शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडं ठेवू शकतात. मागचे दिवे त्यामुळे दिसतात, पण हात हलला की सगळं पसरतं. कॅमेरा भिंतीला किंवा टेबलाला टेकवा.

धूसर फोटोचं तेवढंच: मिनी ८ आणि ९ ने ६० सेंटीमीटरपेक्षा जवळचं स्पष्ट येत नाही. ११ आणि १२ मध्ये सेल्फीची सोय ३० ते ५० सेंटीमीटरसाठी आहे. ती चालू ठेवून लांबचा फोटो काढला तर तो मऊ येतो.

३. सेल बदला, दोन्ही, आणि अल्कलाइनच

फिल्मला हात लावण्याआधी ही पायरी. दोन पेन्सिल सेलचा खर्च फिल्मच्या पॅकपुढे काहीच नाही.

प्रत्येक फिल्मच्या रुंद पट्टीत रसायनाची पुडी असते. फिल्म दोन रोलरमधून बाहेर येताना ती पुडी फुटते आणि रसायन फोटोभर सारखं पसरतं. पोळी लाटताना लाटणं मधेच थांबलं तर पोळी एका बाजूला जाड राहते, तसंच इथे. सेल अशक्त असले की मोटर अडखळते, रोलर एका वेगाने फिरत नाहीत आणि कोपरे कोरे राहतात. दिवे लुकलुकत राहणं, फ्लॅश तयार व्हायला फार वेळ लागणं, फिल्म अर्ध्यात थांबणं, ही त्याच अशक्तपणाची रूपं.

भिंतीवरच्या घड्याळातले किंवा रिमोटमधले साधे सेल इथे चालत नाहीत. फ्लॅश आणि मोटर दोघांनाही एकदम जोराचा प्रवाह लागतो, तो त्यांना देता येत नाही. कंपनीही अल्कलाइनच वापरायला सांगते. नव्या जोडीवर साधारण दहा पॅक निघतात. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावू नका.

सेल काढल्यावर आतल्या पट्ट्या उजेडात बघा. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्यात तिथे पांढरी-हिरवट पूड साचलेली मिळते. सेल पाझरला आहे. कापसाच्या काडीला व्हिनेगरचा एक थेंब लावून पूड पुसा, मग कोरड्या काडीने पुसा, आणि पूर्ण वाळेपर्यंत सेल घालू नका. पुसताना हातमोजे घाला. कॅमेरा महिनाभर वापरायचा नसेल तर सेल बाहेर काढून ठेवा.

४. फिल्म

खोक्यावरची मुदत बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती फिल्म कुठे ठेवली होती ते आठवा. इन्स्टॅक्स ५ ते ४० अंश सेल्सियसमध्ये वापरण्यासाठी आहे. मे महिन्यात नागपूर, अकोला, जळगाव इथे सावलीतलं तापमानही चाळिशी ओलांडतं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर काय होत असेल ते सांगायला नको. तिथे दुपारभर राहिलेल्या पॅकचे फोटो तांबूस आणि मलूल येतात, आणि ते परत सुधारत नाहीत. उलट हिमाचलच्या ट्रेकवर कडाक्याच्या थंडीत काढलेला फोटो फिका आणि निळसर उमटतो. तिथे फोटो बाहेर आला की जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात तो सावलीत, पिशवीत उमटू द्या. साधारण दीड मिनिट लागतं. तोपर्यंत हलवणं, वाकवणं, दाबणं नको. आतलं रसायन अजून ओलं असतं.

न उघडलेली खोकी हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवता येतात, फ्रीझरमध्ये नाही. बाहेर काढल्यावर पॅक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडू नका, नाहीतर दमट हवेत फिल्मवर पाणी धरतं.

विमानाने फिल्म येत असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत घालू देऊ नका. तिथलं क्ष-किरण यंत्र जोरदार असतं आणि ८०० आयएसओच्या फिल्मला ते बाधतं. दुबईहून येणाऱ्या मावशीला आधीच सांगा: हातातल्या पिशवीत ठेव आणि तपासणीला हाताने बघायची विनंती कर. बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानालाही आता नवी सीटी यंत्रं (जास्त जोराचे क्ष-किरण वापरणारी) लागली आहेत, म्हणून ही विनंती महत्त्वाची.

पॅक घालतानाही बघा. पॅकवरची पिवळी रेघ आणि कॅमेऱ्यातली पिवळी खूण जुळली पाहिजे. पॅक दोन्ही कडांना धरायचा. मागची दोन चौकोनी भोकं दाबायची नाहीत, आतल्या फिल्म सरकतात.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या ताज्या पॅकवर तपासणी करा. सकाळच्या सावलीत, दीड मीटरवर उभ्या माणसाचा एक फोटो. तो नीट आला तर आधीचा पॅकच वाईट होता, विषय संपला.

५. रोलर

नवा पॅक घालूनही ठिपके त्याच ठिकाणी येत असतील तर फूटपट्टी घ्या आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. ते प्रत्येक फोटोत सारखं भरलं तर रोलरवर काहीतरी चिकटलं आहे. रोलरचा एक फेरा झाला की तीच घाण पुन्हा फिल्मवर टेकते, म्हणून ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे रोलरचा घेर.

साफसफाई पॅक संपल्यावरच, काउंटर शून्यावर असताना. सेल काढा. मागचं झाकण उघडा. फिल्म बाहेर पडते त्या फटीला लागून दोन बारीक रोलर दिसतील. टॉर्च तिरका धरा. वाळलेलं रसायन खपलीसारखं दिसतं, बहुतेकदा रोलरच्या टोकांपाशी, कारण जास्तीचं रसायन कडांकडे ढकललं जातं. मिरवणुकीतून आलेल्या कॅमेऱ्यात त्यावर गुलालाची बारीक गुलाबी पूड बसलेली असते, हळदीच्या कार्यक्रमातून आलेल्यात पिवळी. पूड आधी हातपंपाच्या ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग कापसाची काडी स्वच्छ पाण्यात बुडवून पिळून घ्या. ती नुसती दमट हवी, टपकणारी नको. रोलर थोडा पुसा, टोकाशी बोटाने हलकेच पुढे फिरवा, पुन्हा पुसा. खपली सुटत नसेल तर दमट काडी मिनिटभर तिथे टेकवून ठेवा, मऊ पडते. काडी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं, शेवटी कोरडी काडी, आणि कापसाचा तंतू मागे राहिला नाही ना ते टॉर्चने बघायचं.

टाचणी, ब्लेड, स्क्रूड्रायव्हर यांनी खरवडू नका. एक ओरखडा पडला की तो दर फोटोत कायमचा दिसतो. तेल किंवा ग्रीसही नको. हे रसायन अल्कधर्मी आणि त्वचेला दाहक असतं. हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर धुवून तडक डॉक्टरकडे. याच कारणासाठी खराब फोटो कात्रीने कापायला मुलांच्या हातात देऊ नका.

फिल्म बाहेर येते त्या फटीवर बोट, स्टिकर किंवा कव्हरची कड येत नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या. फिल्म बाहेर पडताना अडली तरी रसायन वाकडं पसरतं.

६. झाकणातून येणारा उजेड

फोटोच्या एकाच कडेला पांढरट पट्टा दर वेळी येत असेल तर नवा पॅक घालून झाकणाच्या सगळ्या फटींवर काळी इन्सुलेशन टेप लावा आणि उन्हात एक फोटो काढा. पट्टा गेला, तर झाकणाची कडी सैल झाली आहे किंवा कॅमेरा पडून कड वाकली आहे. टेप लावून तो कॅमेरा मजेत चालतो. दर पॅकला टेप बदलायचा कंटाळा येईल तेव्हा दुरुस्तीला द्या.

पोलरॉइड किंवा होल्गा असेल तर

जुना पोलरॉइड ६०० अजिबात सुरू होत नसेल तर फिल्मचं खोकं वाचा. त्याची बॅटरी फिल्मच्या पॅकमध्ये असते. 'आय-टाइप' पॅक त्यात बसतो, पण त्याला बॅटरी नसते, म्हणून कॅमेरा मेल्यासारखा पडून राहतो. '६००' लिहिलेला पॅक घ्या. ही फिल्म १३ ते २८ अंशांतच नीट उमटते, आणि बाहेर आल्याबरोबर तिला उजेडापासून झाकावं लागतं. आपल्या उन्हाळ्यात तिचे फोटो पिवळे-तांबडे येतात तो कॅमेऱ्याचा दोष नाही.

होल्गा १२०एन हा रोल घालायचा साधा प्लॅस्टिकचा कॅमेरा. त्यात पूर्ण रोल कोरा आला तर कारण लेन्सचं टोपण. बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असल्याने टोपण लावलेलं कळतच नाही. सगळे फोटो हललेले असतील तर लेन्सखालची कळ 'एन'ऐवजी 'बी'वर सरकली आहे, म्हणजे बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडंच राहतं. कडेने उजेड येतो तो बाजूच्या धातूच्या क्लिपांमुळे; काळी टेप हाच त्यावरचा जुना आणि खात्रीचा इलाज.

इथे थांबा

पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर कॅमेरा बाजूला ठेवा.

ताजे अल्कलाइन सेल घालूनही फिल्म अर्ध्यात अडकलेली आहे. ती ओढून काढू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात आणि किरकोळ काम मोठं होतं.

भर उजेडात, ताजी फिल्म, फ्लॅशही पडतोय, तरी फोटो काळाच. शटर उघडत नाही.

नवे सेल असूनही फ्लॅश पडत नाही, किंवा जळकट वास येतो, किंवा कॅमेरा समुद्राच्या पाण्यात पडला आहे. सेल काढा आणि तसाच न्या.

या तिन्ही बाबतींत स्क्रू खोलून आत बघायचा मोह होतो. खोलू नका. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यात तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. खेळण्यासारखा दिसणारा हा कॅमेरा उघडला की जोरदार झटका देऊ शकतो. यूट्यूबवर कुणी सहज खोलून दाखवलं म्हणून ते घरचं काम होत नाही.

वॉरंटी असेल तर कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. नसेल तर फिल्म कॅमेरे दुरुस्त करणारा कारागीर. मुंबईत फोर्ट भागात असे जुने जाणकार अजून काम करतात. आधी खर्चाचा अंदाज विचारा, कारण मिनीच्या साध्या मॉडेलची मोटर किंवा शटर बदलणं पुष्कळदा नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातं. जाताना क्रमांक घातलेले बिघडलेले फोटो आणि कुठल्या पायरीपर्यंत काय करून बघितलं ते लिहून न्या. कारागिराचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे. परत घ्यायला जाताना फिल्मचा एक ताजा पॅक सोबत ठेवा, दुकानाबाहेर सावलीत एक फोटो काढा, आणि तो पूर्ण उमटल्याशिवाय पैसे देऊन निघू नका.